डाव्या हाताचा सौदा

हात धरून व्यापार शिकवला, असं लोक सहज बोलतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. माझ्या काकांनी माझा उजवा हात आपल्या उजव्या हातात धरला, वर उपरणं टाकलं आणि मला कापसाचा सौदा शिकवला. आम्ही त्यांना काकासा म्हणत असू.

हल्ली नंदुरबारातली तरुण व्यापारी मंडळी माझ्याकडे येतात. खुर्च्या ओढून बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, "शेटजी, एवढी वर्षं जिन चालवलंत, आम्हाला चार गोष्टी सांगा." चार गोष्टी मला येत नाहीत. एकच येते, आणि ती मी चाळिशीला टेकल्यावर शिकलो. ज्यांच्याकडून शिकायला हवी होती ते तोवर हातचे गेले होते. ती सांगायला लागलो की माझा आवाज बसतो, आणि मग ही पोरं उगाच पाण्याचा तांब्या पुढे करतात. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आमचं घराणं मारवाडातलं. आजोबा नंदुरबारला आले तेव्हा इथे आगगाडीसुद्धा नव्हती. घरात आम्ही मारवाडी बोलत असू, बाजारात अहिराणी, आणि शाळेत जी शिकलो ती ही मराठी. काकासा मात्र रागावले किंवा त्यांचं मन भरून आलं की घरातसुद्धा अहिराणीत शिरत. त्यांचा जन्म इथला, आणि बाजार हीच त्यांची शाळा. वडील गेले तेव्हा मी विशीत होतो, नुकतं लग्न झालेलं. काकासांना मूलबाळ नव्हतं, काकी केव्हाच गेल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गादीवर समोर बसवलं आणि म्हणाले, "आण हात."

त्या काळी कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. दिवाळीनंतर तापीकाठच्या गावांतून, प्रकाशाकडून, शहाद्याकडून गाड्या येत आणि बाजार भरून जाई. शेतकऱ्याचा दलाल आणि घेणारा व्यापारी समोरासमोर बसत, हातात हात देत आणि वर उपरणं टाकत. त्या दिवशीचा मुंबईचा भाव तारेनं आलेला असे, तो सगळ्यांना ठाऊक. त्याच्यावर किती चढायचं एवढंच बोटं सांगत. एक बोट दाबलं तर एक रुपया, दोन दाबली तर दोन, अख्खी मूठ म्हणजे पाच. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नसे. दोघांचं जमलं की हात उपरण्याबाहेर येत, आणि हात बाहेर आला की सौदा झाला. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी ब्रह्मदेव आला तरी तो मोडायचा नाही. आणि हे सगळं उजव्या हातानं. डावा हात उपरण्याखाली घालणं म्हणजे अपशकुन, समोरच्याचा अपमान. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सुरुवातीला मला काही म्हणता काही कळेना. काकासा बोटं दाबत, मी अंदाजानं मान डोलवत असे. दोन दिवस त्यांनी ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी हात झटकून टाकला आणि चांगलेच तापले.

"मान कशाला हलवतोस? कळलं नसेल तर कळलं नाही म्हण. मी पुन्हा दाबीन. शंभरदा म्हण, शंभरदा दाबीन. पण न कळता मान हलवलीस तर या बाजारात तुझ्यासारखा चोर दुसरा नाही."

चोर हा शब्द मला फार लागला. मी चिडलो, जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून "कळलं नाही" म्हणायला लागलो, आणि ते खरंच न कंटाळता पुन्हा पुन्हा दाबत राहिले. महिन्याभरात माझी बोटं वाचायला शिकली.

बाजारात चिंचेच्या झाडाखाली काकासांची बैठक होती. तिथे एक गोष्ट ते करत जी दुसरा कुणी करत नसे. सौदा झाला, हात बाहेर आले की ते शेतकऱ्याकडे वळून ठरलेला भाव मोठ्यानं सांगत. दलालांना हे आवडायचं नाही. उपरण्याखाली एक भाव घ्यायचा आणि शेतकऱ्याच्या कानात दुसराच सांगायचा, असं करणारे काही कमी नव्हते. काकासांच्या झाडाखाली ते चालत नसे. म्हणून पहाटे आलेल्या गाड्या बाकीचे व्यापारी सोडून चिंचेपाशी रांग लावत. शेटजीच्या तोंडून एकदा भाव निघाला की तो आमच्या सरकी काढायच्या जिनच्या फाटकात बदलत नाही, हे तापीकाठच्या लहानथोरांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट, हा माणूस शिकायला कधी लाजला नाही. मुंबईची तार इंग्रजी आकड्यांत येई आणि ती वाचायला स्टेशनमास्तरांकडे जावं लागे. पंचावन्न उलटल्यावर काकासांनी पाटी विकत घेतली आणि रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन मास्तरांपाशी आकडे गिरवायला बसले. फलाटावरचे हमाल हसत. एकानं विचारलं, "शेटजी, परीक्षा कवय शे?" काकासा म्हणाले, "रोजनी रोज." पुढे सरकारी शेतकी खात्याचे लोक लांब धाग्याचं नवं बी घेऊन आले तेव्हा हे पासष्टीचे गृहस्थ त्यांच्या मागे मागे शेतात हिंडले, मातीत उकिडवे बसले आणि त्या पंचविशीतल्या साहेबाला "कळलं नाही, पुन्हा सांगा" असं बेलाशक म्हणाले. मला त्यांची लाज वाटली होती. ते आठवलं की आता माझीच वाटते.

मग एका मार्गशीर्षात, सकाळी पगडी बांधता बांधता, काकासा खाली बसले ते उठेनात. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. वैद्यांनी अंगावरून वारं गेल्याचं सांगितलं. तेलं झाली, शेक झाले, नवस झाले. चार आठवड्यांत ते बोलायला लागले, काठीशिवाय चालायला लागले. उजवा हातही उचलायचा, मिटायचा, उघडायचा. आम्ही पेढे वाटले. पौषाच्या सुरुवातीला ते पुन्हा चिंचेखाली बसले तेव्हा बाजारातल्या निम्म्या लोकांनी पायाला हात लावला.

खरं काय ते पहिल्यांदा माझ्या पत्नीला कळलं. ती काकासांपुढे घुंगटात असायची, पण घुंगटातून तिला आमच्यापेक्षा जास्त दिसायचं. दुधाचा उकळता पेला त्यांनी हातात धरला आणि धरूनच बसले. बोटांची कातडी लाल झाली तरी त्यांना समजलं नाही. तिनं माजघरात येऊन मला सांगितलं, "त्यांचा हात हलतो, पण त्या हाताला काही कळत नाही."

त्याच आठवड्यात बाजारात घोळ झाला. एक म्हातारा दलाल होता, काकासांच्याच वयाचा, चाळीस वर्षं त्यांच्यासमोर बसलेला. प्रकाशा गावच्या एका शेतकऱ्याच्या गाडीचा सौदा त्याच्याशी चालला होता. हात बाहेर आले आणि काकासांनी सवयीप्रमाणे मोठ्यानं सांगितलं, "तीन." म्हातारा चपापला. हळूच म्हणाला, "शेटजी, तुम्हना हात चार बोलना."

काकासांनी आपल्या हाताकडे पाहिलं. परक्याच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं. मग म्हणाले, "हात बोलना ते खरं. चारमां लई जा गाडी."

असं त्या आठवड्यात तीनदा झालं. दर वेळी त्यांनी हाताचं ऐकलं. शिवाय नुसत्या बोटांची गोष्ट नव्हती. कापूस पाहायला ते पूर्वीसारखा उजवा हात कोपरापर्यंत गाडीत घालत, पण ज्या बोटांना उकळतं दूध समजलं नाही त्यांना आतली ओल काय समजणार? ओला कापूस कोरडा म्हणून येऊ लागला. जिनमधली माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली.

पत्नी म्हणाली, "त्यांना सांगा."

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, बाईमाणसाला बाजारातलं काय कळतं. ज्या माणसाचा सगळा मान त्या एका हातात आहे, त्याला मी सांगू की तुमचा हात मेला? ते ऐकून ते आठ दिवस जगायचे नाहीत. ती म्हणाली, "ते शिकवतात ना तुम्हाला, कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं?" मी ताटावरून उठून गेलो.

आणि मग मी ती हुशारी केली. सगळ्या दलालांना मी जिनच्या मागे चहाला बोलावलं आणि हात जोडले. म्हटलं, काकासांसमोर बसा, उपरण्याखाली हात द्या, ते काय दाबतील ते दाबू द्या, मान हलवा. ते मोठ्यानं जो भाव सांगतील तो ऐकून घ्या. मग गाडी मागच्या रस्त्यानं माझ्या फाटकाशी आणा, खरा सौदा आपण तिथे करू. शेतकऱ्यांनाही कानात सांगून ठेवा. एकही जण नाही म्हणाला नाही. काकासांनी त्यांतल्या प्रत्येकाचं कधी ना कधी भलं केलं होतं. म्हाताऱ्या दलालानं तेवढी भरलेली बशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही घरना. तुम्ही सांगशात तसं." संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून आमचं नाटक सुरू झालं.

ते इतकं छान चाललं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. काकासा चिंचेखाली बसत, हात देत, घेत, भाव पुकारत. शेतकरी "हां शेटजी" म्हणत आणि गाडी हाकत. दुपारी घरी येताना त्यांची चाल बदललेली असे. एक दिवस जेवताना म्हणाले, "हात बसला रे. महिन्यात एक चूक नाही." आणि लहान मुलासारखे हसले.

ते सुख मी त्यांना दिलं, असं मी समजत होतो. दुपारी ते ताटलीत गहू घेऊन बसत आणि एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा सराव करत. दाणे सतरंजीभर सांडत. सराव झाला की मला हाक मारत, "आण हात." मी हात देई, ते उपरणं टाकत. उपरण्याखाली तो थंड, जड हात माझ्या हातात काहीतरी करत असे. काय ते ओळखू येत नसे. कधी सगळी बोटं एकदम आवळली जात, कधी एकही नाही. ते विचारत, "दोन दाबली ना?" मी म्हणत असे, "दोन." "आता चार?" "हो, चार." ज्यांनी मला कळलं नाही म्हणायला शिकवलं त्यांच्यापुढे मी दोन महिने रोज मान हलवली. त्यांना बरं वाटावं म्हणून हलवली. आज त्या दुपारी आठवल्या की मला माझी मान नकोशी होते.

अजून एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी पत्नीलाही सांगितली नाही. सुरुवातीला फाटकाशी मी खरोखरच न्यायाचा भाव ठरवत होतो. काकासा चुकून जास्त बोलले तर कमी, कमी बोलले तर जास्त. पण शेतकरी आधीच मानून आलेला असे की शेटजी बोलले ते खरं धरायचं नाही. त्यामुळे तो घासाघीस करत नसे. हे ध्यानात आल्यावर माझी बोटं जरा आखडली. कापूस कोरडा असला, काकासा नजरेनं बरोबर बोललेले असले, तरी मी थोडं खाली दाबायला लागलो. जिनमधला आमचा मुनीमही तेच शिकला. माझी माया केव्हा माझी सोय होऊन बसली ते मला समजलं नाही, किंवा समजलं आणि मी तिकडे पाहिलं नाही.

होळी पाचसहा दिवसांवर आली होती. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जाणारी माणसं बाजारात ढोलाची कातडी, घुंगरं घेत हिंडत होती, आणि कापसाच्या शेवटच्या गाड्या उरल्या होत्या. त्यांत प्रकाशापलीकडची एक बाई आली. नवरा नुकताच वारला होता, आणि दिराला न विचारता ती स्वतः गाडीवर बसून आली होती. पहिल्यांदाच बाजार बघत होती. तिच्या कानात कुणी काही सांगितलं नव्हतं. तिचा सौदा म्हाताऱ्या दलालानंच केला. त्याला सांगायचं सुचलं नाही, की त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. काकासांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे वळून भाव पुकारला, "चार." ती गाडी घेऊन मागच्या रस्त्यानं फाटकाशी गेली. मुनीमानं हात घालून पाहिलं, कापूस चोख कोरडा होता, आणि सवयीनं म्हणाला, "दोन."

ती बाई भांडली नाही. गाडी तिथेच उभी करून चालत परत आली आणि भर बाजारात चिंचेखाली काकासांसमोर उभी राहिली. मी शेजारीच होतो.

"शेटजी, तुम्ही सांगेल भाव येगळा, नि तठे येगळाच सांगी ऱ्हायनात. मन्हा मालक सांगे, चिंचखालना शेटना शब्द म्हणजे शब्द. त्या शब्दवर मी तापी उतरीसन उनू."

काकासा गोंधळले. म्हणाले, "बाई, तुन्ही काही चूक होई ऱ्हायनी." मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी दलालांकडे पाहिलं. एकेकानं मान वळवली. शेजारी दोन गाडीवाले होते, तेही आपल्या बैलांच्या शिंगांकडे बघायला लागले.

"कवयपासून चालू शे हाई?" काकासांनी विचारलं.

शेवटी म्हातारा दलाल बोलला, "संक्रांतपासून, शेटजी."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी सावकाश उपरणं सारखं केलं आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"घाल हात."

मी हात दिला. त्यांनी उपरणं टाकलं. माझ्या हातात त्यांचा हात होता, थंड आणि जड. मी जीव एकवटून वाचायचा प्रयत्न केला. कुठलं तरी बोट जरा दाबल्यासारखं वाटलं, की मलाच तसं वाटावंसं वाटत होतं. सगळे बघत होते. मला एकच दिसत होतं, की आत्ता मी बरोबर आकडा सांगितला तर सगळं सावरेल.

"कितला?"

"तीन," मी म्हटलं.

काकासा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बोट हालाडंच नही."

त्यांनी हात बाहेर काढला. त्या बाईकडे वळून म्हणाले, "बाई, मी बोलनू तेच तुले भेटी," आणि मला नुसत्या नजरेनं फाटकाकडे पाठवलं. मी गेलो, तिला चारचा भाव दिला. परत आलो तेव्हा काकासा नव्हते. उपरणं खाली मातीत पडलं होतं. चाळीस वर्षांत काकासा ते तिथे विसरून कधी गेले नव्हते.

त्यानंतर ते बाजारात आले नाहीत. माझ्याशी बोलत, पण व्यापाराचं अवाक्षर नाही. ऊन फार आहे, गाय व्यायली का, एवढंच. मी पायावर डोकं ठेवलं, रडलो. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, डावा, आणि म्हणाले, "ऊठ, जेवून घे." माझ्यावर रागावण्याइतकाही माझा हिशेब त्यांच्या लेखी उरला नव्हता. चैत्रात ते बैलगाडी जुंपून दहाबारा दिवस तापीकाठच्या गावांतून हिंडून आले. कशाला गेले होते ते मला गाडीवानाकडून कळलं. दारोदार उभे राहून ते शेतकऱ्यांना सांगत होते, या हंगामात मी जो भाव बोललो तो खोटा निघाला, मला ठाऊक नव्हतं, पण तोंड माझं होतं. लोक त्यांना बाजेवर बसवत, ताक देत. हात जोडताना त्यांचा उजवा हात डाव्याला नीट लागत नसे, असं गाडीवान म्हणाला. ते ऐकून मी जिनच्या कोठारात जाऊन दार लावून घेतलं.

पावसाळ्यात म्हातारा दलाल रोज दुपारी आमच्याकडे यायला लागला. दोघं आतल्या खोलीत बसत. मला वाटलं, सोंगट्या खेळत असतील. मी आत गेलो की गप्प होत. भाद्रपदात एक दिवस पत्नीनं निरोप आणला, आत बोलावलंय.

काकासा भिंतीला टेकून बसले होते, बरेच वाळलेले. मांडीवर उपरणं होतं. म्हणाले, "आण हात." मी उजवा पुढे केला. त्यांनी तो आपल्या डाव्या हातात घेतला.

मी दचकलो. उपरण्याखाली तो हात गरम होता आणि त्याची बोटं जिवंत होती. एक दाबलं. मग दोन. मग अख्खी मूठ, मग मुठीवर अर्ध्याची खूण, जी भल्याभल्यांना साधत नाही. दर वेळी ते विचारत, "किती?" आणि मी सांगत होतो, आणि दर वेळी ते खरं होतं. म्हातारा दलाल कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता.

"तीन महिना लागनात," काकासा म्हणाले. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "तू माले तवयच सांगी देता, ते होळीलगून मी डावा शिकी लेतू."

मी म्हटलं, "काकासा, डाव्या हाताचा सौदा बाजार मानत नाही."

"मानता नही, ते मी त्यासले इचारी लेतू." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तू माले इचारंच नही."

दलालाकडे बोट करून ते म्हणाले की दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला, नव्या हंगामाच्या मुहूर्ताच्या सौद्याला मी चिंचेखाली बसणार आहे. डावा हात पुढे करीन, ज्याला द्यायचा तो हात देईल. एकानं दिला तरी पुरे. ते बोलताना त्यांचा चेहरा स्टेशनवर पाटी घेऊन जात तेव्हासारखा झाला होता. मी म्हटलं, मी सगळ्यांशी बोलून ठेवतो. ते एकदम कडाडले, "तू कोणशीबी काही बोलू नको!"

लाभपंचमी त्यांना दिसली नाही. नवरात्रात दुसरा झटका आला आणि सकाळच्या आत सगळं संपलं. तिरडीवर बांधताना दोन्ही हात छातीवर घेतले. उजवा लगेच राहिला. डावा सारखा सुटून खाली येत होता आणि तो मला पुन्हा पुन्हा वर ठेवावा लागला.

मुहूर्ताच्या दिवशी मी चिंचेखाली जाऊन बसलो. हंगामाचा पहिला सौदा त्या झाडाखाली व्हायचा ही बाजाराची रीत होती. व्यापारी, दलाल, गाडीवाले, सगळे भोवती उभे होते. प्रकाशापलीकडची ती बाईही पहिल्या वेचणीची गाडी घेऊन आली होती. म्हातारा दलाल तिच्या बाजूनं माझ्यासमोर बसला. मी उजवा हात पुढे केला. त्यानं आपला डावा पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

बाजार बघत होता. कुणी हसलं नाही, कुणी अपशकुन म्हणालं नाही. मला समजलं की काकासांना कुणीही नाही म्हटलं नसतं. मी माझा डावा हात त्याच्या हातात दिला आणि त्यानं उपरणं टाकलं.

त्यानं बोटं दाबली. स्पष्ट दाबली, चांगल्या तीन महिन्यांच्या सरावाची ती बोटं होती. पण माझ्या डाव्या हाताला काही येत नव्हतं. तो कधी काही शिकलाच नव्हता. दोन की तीन की चार, मला उमगेना.

"कितला?" त्यानं विचारलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मान हलवणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "कळलं नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलवली आणि पुन्हा दाबलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यानं तिसऱ्यांदा दाबलं, न कंटाळता, काकासा दाबत तसं. हे दोन शब्द ऐकायला काकासा रोज दुपारी माझ्यासमोर हात देऊन बसले होते. मला भर बाजारात रडू फुटलं. हात मात्र मी सोडला नाही.